भानू अथैयांचे काम आणि मायचा प्रश्न

गेल्या वर्षी महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जात आईचा व्यवसाय लिहावयाचा होता. मी 'गृहिणी' असे लिहिले. खरे म्हणजे माझी माय जळगावात ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते आणि आम्हा दोघा भावंडांची फी त्या मशीनवरच निघते. घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच; 'शिवणकाम' लिहावयास हात धजला नाही. ग्रंथालयात भानू अथैया यांच्याविषयी वाचताना तो अर्ज पुन्हा आठवला.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म कोल्हापूरचा, २८ एप्रिल १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते मुलगी लहान असतानाच वारले. सात भावंडांच्या त्या घरातून ही मुलगी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेली आणि १९५१ मध्ये तिने सुवर्णपदक मिळविले. हुसेन, रझा, सूझा ज्या प्रोग्रेसिव्ह गटातून पुढे आले, त्या गटाच्या १९५३ च्या प्रदर्शनात तिची चित्रे होती. पोटासाठी मात्र ती 'ईव्हज् वीकली'करिता पोशाखांची रेखाचित्रे काढीत असे. पुढे त्या कामातूनच ती प्रत्यक्ष कपड्यांकडे वळली आणि १९५६ साली गुरुदत्त यांच्या संस्थेच्या 'सी. आय. डी.'पासून चित्रपटांकडे. चित्रकला सोडून कपडे, म्हणजे पायरी उतरणे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कुंचला तोच, फक्त कागदाच्या जागी कापड आले.

आपल्या खान्देशाला जवळची गोष्ट 'आम्रपाली'ची (१९६६). त्यातील वैजयंतीमालेच्या पोशाखांना आधार अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा. अजिंठा आमच्या जळगावपासून साठेक किलोमीटर. शाळेच्या सहलीत मी तेथे गेले होते, पण अंधारात चेहरे तेवढे पाहिले. त्या बायकांच्या अंगावरील पट्ट्यापट्ट्यांचे तलम वस्त्र पाहावे हे सुचले नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक शंका मात्र नोंदविते. आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि सतराव्या लेण्यातील चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. मध्ये सुमारे हजार वर्षे गेली. तरी आज 'प्राचीन भारतीय स्त्री' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोच पोशाख येतो!

'गांधी' (१९८२) मध्ये अशी मोकळीक नव्हती. १८९३ च्या आफ्रिकेतील आगगाडीपासून १९४८ पर्यंतचा काळ. बॅरिस्टरचा सूट, मग काठियावाडी वेष, आणि १९२१ मध्ये मदुराईला घेतलेला पंचा. हे सारे लोकांनी छायाचित्रांत पाहिलेले, त्यामुळे चूक लगेच दिसणार. त्या कामासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. १९९० च्या 'लेकिन' आणि २००१ च्या 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. २०१२ मध्ये त्यांनी ते ऑस्कर सांभाळण्यासाठी अमेरिकेतील अकादमीकडेच परत दिले. रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीस गेले होते, हे आठवले की त्यांना दोष देववत नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हे सारे मी मायला वाचून दाखविले. तारखा तिने ऐकल्या न ऐकल्यासारख्या केल्या. 'ब्रह्मचारी'तील मुमताजची नारिंगी साडी नेसलेली नसून शिवलेली होती, हे सांगताच तिने मशीन थांबविली. मोबाईलवर ते गाणे तीनदा थांबवून पाहिले, खडूने टाकाऊ कापडावर रेघा ओढल्या आणि चेन कुठे लावावी लागेल, निऱ्या कोठे टाचाव्या लागतील, ते मला दाखविले. मग विचारले, "ती चित्र काढे, मंग कपडा शिवे कोन?"

मी म्हटले, "शिंपी."

"त्यासनं नाव?" एवढे म्हणून तिने मशीन पुन्हा सुरू केली.