गॉटिंगेनचें विद्यापीठ

जर्मनीच्या मध्यभागीं लाईने नांवाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या कांठीं गॉटिंगेन म्हणून जें गांव वसलें आहे तें ना राजधानी, ना बंदर, ना मोठी व्यापारपेठ. असें असतांही गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास करणाऱ्यांस हें नांव जगभर परिचित आहे, आणि त्याचें कारण तेथील विद्यापीठ होय. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी लवकरच महाविद्यालयांत जातील. विद्यापीठ कशानें उभें राहतें व कशानें मोडतें हें त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एका खऱ्या उदाहरणावरून पाहावें, या हेतूनें आम्हीं हा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे.

अठराव्या शतकांत हॅनोव्हरचे राज्यकर्ते हेच इंग्लंडचेही राजे होते. त्यांपैकीं दुसऱ्या जॉर्जच्या नांवानें १७३७ सालीं या विद्यापीठाची विधिपूर्वक स्थापना झाली. खरी उभारणी मात्र मंत्री म्युंखहाउझेन यांची. त्या काळीं ईश्वरविज्ञानाचे अध्यापक इतर शाखांच्या लिखाणावर नजर ठेवीत. म्युंखहाउझेन यांनीं गॉटिंगेनमध्यें तो अधिकार त्यांस दिला नाहीं. उत्तम ग्रंथालय उभारण्याकडेही प्रारंभापासून लक्ष पुरविलें.

१८०७ सालीं थोर गणिती गाउस हे येथील वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले, ते १८५५ मध्यें देहावसान होईपर्यंत येथेंच राहिले. १८३३ सालीं त्यांनीं व पदार्थविज्ञानाचे अध्यापक वेबर यांनीं गांवांतील छपरांवरून तार नेऊन वेधशाळा व पदार्थविज्ञानशाळा यांच्यामध्यें विजेनें निरोप धाडण्याची सोय केली. अंतर एका किलोमीटराहून थोडें अधिक, इतकेंच. पण तारायंत्राच्या इतिहासांत त्या तारेस मानाचें स्थान आहे.

याच सुमारास एक कसोटीचा प्रसंग आला. १८३७ मध्यें व्हिक्टोरिया इंग्लंडची राणी झाली. हॅनोव्हरच्या कायद्याप्रमाणें पुरुष वारस असतां स्त्रीस गादी मिळत नसे. म्हणून तेथें तिचा चुलता एर्न्स्ट आउगुस्ट राजा झाला. त्यानें येतांच १८३३ ची राज्यघटना रद्द केली. अध्यापकांनीं त्या घटनेशीं इमान राखण्याची शपथ घेतलेली होती. राजा म्हणाला, तुम्ही त्या शपथेंतून मोकळे झालां. डालमान, आल्ब्रेख्त, एवाल्ड, गेर्व्हिनुस, वेबर आणि याकोब व विल्हेल्म ग्रिम हे बंधु, अशा सात जणांनीं यास लेखी हरकत घेतली. शपथ लीलेनें मोडणारे म्हणून विद्यार्थ्यांपुढें उभे राहिलों तर आमच्या शिकवण्यास किंमत ती काय राहिली, असें त्यांचें थोडक्यांत म्हणणें होतें. डिसेंबरांत सातही जणांस कामावरून काढण्यांत आलें, आणि डालमान, गेर्व्हिनुस व याकोब ग्रिम यांस तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. गाउस यांचा जांवई एवाल्ड व निकटचा सहकारी वेबर हे दोघेही या सातांत होते. तरी गाउस यांनीं सही केली नाहीं. साठी गांठलेल्या व राजकारणापासून दूर राहणाऱ्या त्या विद्वानास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, परंतु ही गोष्ट वगळून इतिहास सांगणेंही योग्य नव्हे. परीकथा गोळा करणारे म्हणून आमच्या लहान वाचकांस ठाऊक असलेले ग्रिम बंधु ते हेच. नोकरी गेल्यानंतर १८३८ मध्यें त्यांनीं जर्मन भाषेच्या महाकोशाचें काम हातीं घेतलें. तो कोश १९६१ सालीं पूर्ण झाला!

१८६६ मध्यें हॅनोव्हरचें राज्य प्रशियानें खालसा केलें आणि विद्यापीठ प्रशियाच्या सरकाराकडे गेलें. येथें आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा या इतिहासांत गुंफला जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १८६६ पासून संस्कृत शिकविणारे डॉ. कीलहॉर्न हे १८८२ च्या सुमारास गॉटिंगेन येथें संस्कृतचे अध्यापक झाले व १९०८ मध्यें मृत्यु येईपर्यंत तेथें राहिले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति मुंबईस छापली गेली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस १८८५ सालीं डॉक्टर ही पदवी मिळाली ती याच विद्यापीठाची.

१८८६ मध्यें क्लाइन व १८९५ मध्यें हिल्बर्ट हे गणिती आले, आणि पुढील चाळीस वर्षें गॉटिंगेन म्हणजे गणिताचें माहेरघर होऊन राहिलें. क्लाइन हे व्यवहारकुशल. त्यांनीं कारखानदारांकडून पैसा मिळवून उपयोजित शास्त्राच्या शाळा काढल्या; १९०४ मध्यें प्रांट्ल यांस बोलाविलें, व विमानविद्येचा पाया येथें घातला गेला. क्लाइन यांच्याच हाताखालीं ग्रेस चिझम या इंग्रज तरुणीनें १८९५ सालीं डॉक्टर पदवी घेतली. आमच्या विद्यार्थिनींनीं हें ध्यानांत ठेवावें, आणि एमी न्योटर यांची हकीकतही ऐकावी. १९१५ मध्यें हिल्बर्ट व क्लाइन यांनीं या विदुषीस गॉटिंगेनला आणलें. बीजगणितांत त्यांच्या तोडीचे पुरुष थोडेच होते. तरी स्त्रीस अध्यापनाचा अधिकार देण्यास कित्येक अध्यापक तयार होईनात. तेव्हां हिल्बर्ट म्हणाले, महाशय, हें विद्यापीठ आहे, स्नानगृह नव्हे, असें सांगतात. अखेर १९१९ मध्यें अधिकार मिळाला; तोंपर्यंत त्यांची व्याख्यानें हिल्बर्ट यांच्या नांवानें जाहीर होत.

१९२१ मध्यें माक्स बोर्न व जेम्स फ्रांक हे दोन मित्र पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून आले. १९२५ च्या उन्हाळ्यांत बोर्न यांचे तेवीस वर्षांचे सहायक हायझेनबर्ग यांनीं अणूच्या गणिताविषयीं एक निबंध लिहिला. त्यांतील चमत्कारिक गुणाकार पाहून बोर्न यांच्या ध्यानांत आलें कीं, हें तर सारणींचें गणित. येथें क बरोबर ख आणि ख बरोबर क हे गुणाकार सारखे येत नाहींत. बोर्न, हायझेनबर्ग व योर्डान या तिघांनीं त्यावरून नवी पुंजयामिकी रचली. अमेरिकेहून आलेला ओपेनहायमर येथेंच १९२७ मध्यें डॉक्टर झाला.

हें सर्व वैभव मोडण्यास कांहीं महिने पुरले. १९३३ च्या जानेवारींत हिटलर अधिकारावर आला. ७ एप्रिल रोजीं सरकारी नोकरांविषयीं एक कायदा झाला, व ज्याच्या आजा-आजींपैकीं एक जरी यहूदी असेल त्यास नोकरींतून काढण्याचें ठरलें. बोर्न यांनीं १९१४ मध्यें बाप्तिस्मा घेतला होता. त्याचा उपयोग झाला नाहीं. पहिल्या महायुद्धांत लढलेल्यांस सवलत होती. फ्रांक यांस ती लागू होती आणि त्यांची जागा सुरक्षित होती. तरी त्यांनीं १७ एप्रिल रोजीं स्वतः होऊन राजीनामा दिला व त्याचें कारण वर्तमानपत्रांतून जाहीर केलें.

आतां त्यांच्या सहकाऱ्यांनीं काय केलें तें पाहा. बेचाळीस अध्यापकांनीं सह्या करून एक पत्रक काढलें. तें फ्रांक यांच्या बाजूचें नव्हतें. या राजीनाम्यानें परदेशांतील जर्मनीच्या शत्रूंस हत्यार मिळालें, अशी त्यांत त्यांची निंदा होती. ज्या विद्यापीठांत १८३७ मध्यें सात जण राजाविरुद्ध उभे राहिले, त्याच विद्यापीठांतील हे बेचाळीस! आम्हांस तरी या इतिहासांतील सर्वांत दुःखद आकडा हाच वाटतो.

एप्रिल संपण्यापूर्वींच बोर्न, न्योटर, कूरांट आदि सहा जणांस कामावरून दूर केल्याच्या तारा आल्या. १० मे रोजीं गांवांत ग्रंथांची होळी झाली. न्योटरबाईंनीं त्रागा न करतां विद्यार्थ्यांस आपल्या घरीं बोलावून धडे चालू ठेविले. एक विद्यार्थी नाझी सैनिकांचा तपकिरी गणवेश घालून येई. बाईंनीं त्यासही आपुलकीनें शिकविलें, असें म्हणतात. नोव्हेंबरांत लांडाउ या ज्येष्ठ गणितज्ञांच्या वर्गावर विद्यार्थ्यांनींच बहिष्कार घातला, आणि त्यांत पुढाकार घेणारा तरुण स्वतः असामान्य बुद्धीचा गणिती होता. पुढें शिक्षणमंत्र्यानें वृद्ध हिल्बर्ट यांस विचारलें, यहूदी गेल्यानें तुमच्या गणितशाळेचें कांहीं बिघडलें काय? हिल्बर्ट उत्तरले, बिघडणार कसलें? ती आतां उरलीच नाहीं. ही गोष्टही ऐकीव आहे, पण तींत अतिशयोक्ति फारशी नाहीं.

गेलेले लोक जगभर पांगले. कूरांट यांनीं न्यूयॉर्कमध्यें नवी गणितशाळा उभारली. न्योटरबाई अमेरिकेंत १९३५ मध्यें वारल्या. बोर्न केंब्रिजला गेले, व १९३५-३६ च्या हिवाळ्यांत सर चंद्रशेखर रामन यांच्या निमंत्रणावरून बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत राहिले. पुढें त्यांस एडिंबरोस जागा मिळाली. फ्रांक कोपनहेगनमार्गें अमेरिकेंत गेले. त्यांचें नोबेल पारितोषिकाचें सुवर्णपदक कोपनहेगनलाच होतें. १९४० मध्यें जर्मन सैन्य त्या शहरांत शिरलें, तेव्हां हेव्हेशी या रसायनशास्त्रज्ञानें तें आम्लांच्या मिश्रणांत विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. युद्ध संपल्यावर त्या द्रवांतून सोनें परत काढलें व त्याचें पदक पुन्हां पाडून फ्रांक यांस देण्यांत आलें. याच फ्रांक यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४५ च्या जूनमध्यें अमेरिकन सरकारास विनविलें होतें कीं, पूर्वसूचना न देतां जपानवर अणुबाँब टाकूं नये. त्याचा उपयोग झाला नाहीं हें वाचकांस ठाऊकच आहे.

१९४५ च्या सप्टेंबरांत गॉटिंगेनचे वर्ग पुन्हां उघडले. १९४८ मध्यें माक्स प्लांक संस्था येथेंच स्थापन झाली. १९५७ च्या एप्रिलमध्यें, पश्चिम जर्मनीच्या सैन्यास अण्वस्त्रें देण्याची भाषा निघाली असतां, बोर्न, हान, हायझेनबर्ग आदि अठरा शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं, असलीं शस्त्रें बनविण्यांत, त्यांची चाचणी करण्यांत किंवा तीं वापरण्यांत आम्ही भाग घेणार नाहीं. लोक त्यांस गॉटिंगेनचे अठरा म्हणूं लागले. त्या नांवांत जुन्या सातांची आठवण होती. आज विद्यापीठांत वीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. नवा डॉक्टर झालेला विद्यार्थी गांवच्या चौकांतील कारंज्यावर चढून हंस राखणाऱ्या मुलीच्या पुतळ्याचें चुंबन घेतो, ही तेथील गंमतीची रीत अद्याप चालू आहे.

फ्रांक यांस १९५३ मध्यें गांवानें सन्माननीय नागरिक केलें. १९६४ मध्यें गॉटिंगेनच्या भेटीस आले असतांच ते वारले. बोर्न एडिंबरोहून जर्मनींत परत आले होते. त्यांचा अंत १९७० मध्यें याच गांवांत झाला. ज्या स्मशानभूमींत हिल्बर्ट, प्लांक व हान यांचीं थडगीं आहेत तेथेंच त्यांचेंही आहे. आणि त्याच्या दगडावर १९२५ सालचें तें सूत्र कोरलेलें आहे, ज्यांत दोन राशींचा गुणाकार उलटसुलट केला असतां सारखा येत नाहीं.