एका प्रचंड मूळ संख्येची पारख

१ हून मोठ्या ज्या संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज अन्य विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७ या मूळ संख्या शाळकरी विद्यार्थ्यांसही परिचित असतात. परंतु २,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी संख्या मूळ आहे की नाही, हे कसे ठरवावे? या प्रश्नाचा इतिहास म्हणजे दाव्याची पारख कशी करावी याचा एक वस्तुपाठच होय.

मर्सेनची यादी

२ हा अंक एकतीस वेळा घेऊन गुणाकार केला व त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. २ चा कोणता घात घेऊन १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते, याची यादी फ्रान्समधील धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली प्रसिद्ध केली. तीत ३१ हा घातांक होता. मात्र सिद्धता नव्हती. घातांक मूळ असणे पुरेसे नसते. ११ ही मूळ संख्या आहे, पण २ च्या अकराव्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे.

ऑयलरची युक्ती

दिलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे, ही सरळ रीत होय. येथे वर्गमूळ सुमारे ४६,३४१ असून तेथवर ४,७९२ मूळ संख्या आहेत. सेंट पीटर्सबर्ग येथील थोर गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ च्या सुमारास हे काम कमालीचे आटोपशीर केले. या संख्येस मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरली पाहिजे. या दोन्ही अटी पाळणाऱ्या मूळ संख्या केवळ ८४ उरतात. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. दृष्टी जवळजवळ गमावलेल्या वृद्ध ऑयलरांनी अशा रीतीने दावा सिद्ध केला.

मर्सेनच्या यादीतील सर्वच दावे मात्र टिकले नाहीत. ६७ या घातांकाची संख्या मूळ नाही, हे एद्वार ल्यूका यांनी १८७६ साली दाखविले. तिचे दोन विभाजक १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल यांनी सादर केले. यादी तीच, कर्ताही तोच; पण एक विधान खरे ठरले व दुसरे खोटे.

आजचा संबंध

ही संख्या केवळ ग्रंथात राहिलेली नाही. द्विमान पद्धतीत ती सलग एकतीस १ लिहून दर्शविली जाते. म्हणून अनेक जुन्या संगणकप्रणालींत ती मोजणीची कमाल मर्यादा ठरली. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या अशा प्रणालींची ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. तत्पूर्वी सुधारणा न केल्यास त्यांतील तारखा चुकू शकतील. कार्यालयीन नोंदी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावयास हवे.

शिक्षकांनी २०४७ चे उदाहरण फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे. २३ व ८९ यांना २२ ने भागता दोहोंची बाकी १ उरते. ८ ने भागता अनुक्रमे ७ व १ उरते. ऑयलरांचा नियम विद्यार्थ्यांना असा स्वतः पडताळता येईल. विधान कोणी केले यापेक्षा ते कसे पडताळले, हे पाहण्याची सवय अंगी बाणणे, हेच गणितशिक्षणाचे खरे फलित होय.