मासे मोठ्या टाक्यात हलविताना

शेततळे खोदून त्यास प्लास्टिकचा कागद अंथरणे व त्यात चार मासे सोडणे, हा विषय २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेपासून आमच्या मुकुटबनच्या बाजूस वारंवार कानी येतो. लहान हौदात वाढलेले मासे नव्या, मोठ्या पाण्यात नेताना कोणती चूक होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे; कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

माझ्या विहिरीजवळ नऊ हजार लिटरचा सिमेंटचा हौद आहे. त्यात रोहू व कटला मिळून चाळीस मासे दोन वर्षे सुखाने नांदत होते. गतवर्षी चैत्रात शेजारीच ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व दीड मीटर खोल, म्हणजे तीस हजार लिटरचे टाके खोदून त्यास कागद घातला, विहिरीचे स्वच्छ पाणी भरले आणि सायंकाळी मासे सोडले. जुन्या हौदातील दगडगोटे हिरवट, बुळबुळीत झाले होते, ते उकिरड्यावर टाकले. पाणी तिप्पट झाले म्हणून शेंगदाण्याची ढेप व भाताचा कोंडाही दुप्पट घालू लागलो. सहाव्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले. पाणी खराब झाले की चुना टाकावा, हे ऐकून होतो, तो टाकला. दुपारपर्यंत तेहेतीस मासे पालथे झाले.

पुढे मुंबईस असलेल्या माझ्या पुतण्याने कारण सांगितले. तो घरी काचेच्या टाकीत समुद्राचे मासे पाळतो. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. तेथील काचेआडचे समुद्री मासे पाहूनच त्यास हा नाद लागला. त्याची टाकी लहान पडली, तेव्हा मोठ्या टाकीसाठी त्याने लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवून पाणी आदल्या दिवशीच तयार केले. प्रथम जुने दगड ओलेच नेले आणि मासे सर्वांच्या शेवटी. दगड त्याने घासले नाहीत. तळाच्या वाळूचा खालचा काळा, दुर्गंधी थर मात्र तो ढवळीत नाही व नेतही नाही. त्यातील वायू माशांस विषारी असतो.

दगडांचे एवढे महत्त्व का? मासा खातो त्या ढेपेतील नत्राचा मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. शेणखतातील अमोनियाचे जमिनीत जे होते तेच येथेही होते. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट. नायट्रेट पुष्कळच निरुपद्रवी व पिकास उपयोगी. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. ते मुख्यतः पाण्यात तरंगत नाहीत. दगड, चिखल, भिंत यांस चिकटून राहतात. मातीच्या तळ्यात चिखल त्यांस आश्रय देतो. कागद घातलेले नवे टाके हे त्या बाबतीत काचेच्या टाकीसारखेच कोरे. मी मासे नेले व जंतू उकिरड्यावर टाकले. आमच्या जुन्या कचेरीच्या भाषेत, फेरफार झाला पण वहिवाटदार मागेच राहिला.

मोठे पाणी विष पातळ करते, म्हणून चार दिवस अधिक मिळतात. विष पचविण्याचे काम त्याच्याने होत नाही. त्यात आमची जमीन चुनखडीची आणि विहिरीचे पाणी अल्कधर्मी. अल्कधर्मी व उष्ण पाण्यात अमोनिया अधिक घातक होतो. म्हणजे माझ्या चुन्याने आगीत तेलच ओतले. अशा वेळी खाद्य तत्काळ बंद करून निम्मे पाणी बदलणे व पंपाने पाणी उंचावरून पाडणे हेच करावयास हवे होते.

नायट्राइट वाढले तर माशाचे रक्त तपकिरी होऊन प्राणवायू वाहीनासे होते. त्यावर हजार लिटरमागे दोनशे ग्रॅम साधे मीठ उपयोगी पडते. अधिक घालू नये. ते पाणी पुढे काळ्या जमिनीत जावयाचे आहे.

ज्यांस मासे हलवावयाचे असतील त्यांनी दीड महिना आधी जाळीच्या पिशव्यांत गिट्टी भरून जुन्या हौदात लोंबकळत सोडावी. नवे पाणी दोन दिवस भरून खेळते ठेवावे, कारण बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू बेताचाच असतो. मासे हलविण्यापूर्वी एक दिवस उपाशी ठेवावे. गिट्टी व जुने दगड ओल्या पोत्यातून सावलीने न्यावे. घट्ट डब्यात कोंडू नयेत, वाळूही देऊ नयेत आणि नळाच्या औषधी पाण्याने तर मुळीच धुऊ नयेत. माशांचे भांडे नव्या पाण्यात पाव तास तरंगत ठेवून त्यात थोडथोडे नवे पाणी मिसळावे, मग मासे सोडावे. पुढे दोन आठवडे खाद्य नेहमीच्या चौथाईने. शहरात शोभेच्या माशांच्या दुकानी अमोनिया तपासण्याचे थेंब मिळतात; माशांच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

माझे उरलेले सात मासे पुन्हा जुन्या हौदात आहेत. दगड नव्याने बुळबुळीत झाले आहेत, गिट्टीच्या चार पिशव्याही सोडल्या आहेत. पोळा झाला की त्या टाक्यात हलवीन.