उश्र : पिकातील हक्क आणि शेतकऱ्याची ऐपत

शेतकऱ्याच्या खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यावर इतरांचाही हक्क निर्माण होतो. हा हक्क किती, कोणाकडून आणि केव्हा घ्यावा, हा प्रश्न फार जुना आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या संशोधकांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वसाहत उजेडात आणली. पाणी वळविणारा पाट आणि पाच खोल्यांच्या घराला लागून असलेले धान्याचे कोठार तेथे सापडले. हे घर प्रमुखाचे असावे व कररूपाने धान्य त्याच्याकडे जमा होत असावे, असे अनुमान आहे. पुढे हवामान कोरडे झाले, शेती खालावली आणि ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. कोठार पिकावरच उभे असते!

कुरआनने कापणीच्या दिवशीच पिकाचा हक्क अदा करण्याची आज्ञा दिली (६:१४१). प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याचे प्रमाण ठरवून दिले : पावसाच्या किंवा नैसर्गिक झऱ्याच्या पाण्यावरील पिकाचा दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी ओढून काढलेल्या पिकाचा विसावा. वीस पोती पावसावर पिकली तर दोन पोती, मोटेवर पिकली तर एक. फर्ज तोच, मात्र शेतकऱ्याचा खर्च व श्रम पाहून भार निम्मा झाला.

हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. हजरत उमर (रजि.) यांनी त्या वर्षी जकातीची वसुली लांबणीवर टाकली आणि भुकेपोटी केलेल्या चोरीवर हद्द लागू केली नाही, असे रिवायतींत येते. शरीअतचा हुकूम रद्द झाला नव्हता. तो लागू करण्याची परिस्थितीच उरली नव्हती. आधी भाकरी, मग शिक्षा, हा क्रम त्यांनी राखला.

ऐहिक शासनालाही हाच धडा घ्यावा लागतो. आणेवारी ५० पैशांच्या आत आली की शेतसाऱ्यात सवलत देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचे काम विस्तारले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला.

मात्र सवलत अडलेल्यासाठी असते, पळवाट शोधणाऱ्यासाठी नव्हे. विहिरीला पाणी असताना दुष्काळाची सबब सांगणारा गरिबाचाच घास अडवतो. म्हणून या सुगीत आपल्या शेताचा हिशेब एखाद्या जाणकार आलिमांसमोर मांडा, आणि धान्य घरात येण्यापूर्वी गरिबाचा हिस्सा बाजूला काढा.