गिधाडांचे आरोग्य आणि पशुवैद्याचे कार्य

पशुवैद्य म्हटला की दावणीच्या आजारी जनावरावर उपचार करणारी व्यक्ती एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. तथापि, रानातील पशुपक्ष्यांच्या संपूर्ण जातीचे आरोग्य राखणे हेही या शास्त्राचे महत्त्वाचे कार्य होय. औसा तालुक्यात गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याचाही त्याच्याशी निकट संबंध आहे, हे गिधाडांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

पूर्वी शिवाराबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडे थोड्याच वेळात फस्त करीत. ती नाहीशी झाली की तेच मांस कुत्र्यांना मिळते व पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढते. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. साथीच्या रोगाचा व कीटकनाशकांचा संशय घेतला गेला. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मृत गिधाडांची शवचिकित्सा केली. त्यांत पुष्कळांची मूत्रपिंडे निकामी होऊन आतील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळला. असा थर असलेल्या, तपासलेल्या सर्व २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक हे औषध सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत ते नव्हते. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

गुरांची वेदना व सूज कमी करण्यासाठी हे औषध टोचले जाई. टोचल्यानंतर लवकरच जनावर दगावल्यास त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई. गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. त्यामुळे शंभरांत एखादे शव विषारी असले तरी होणारी हानी भरून निघत नाही. म्हणून भारत सरकारने २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी बंद करण्याचे पाऊल उचलले. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना निर्धोक ठरले आहे.

ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. वेदनाशामक औषध पशुवैद्याकडूनच द्यावे व मेलॉक्सिकॅमविषयी विचारणा करावी.

२. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक गुरांना कदापि टोचू नये.

३. औषधाचे नाव व तारीख टिपून ठेवावी. उपचार चालू असता जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

४. फाशी रोगाचा संशय असल्यास शव फाडू नये. पशुवैद्यास त्वरित कळवावे.

५. कुत्री वा लांडगे मारण्यासाठी शवावर विष घालू नये.

६. आजारी वा मृत गिधाड दिसल्यास त्यास हात न लावता वन विभागास कळवावे.

पशुवैद्याने मृत्यूचे कारण शोधून दिले आहे. ते दूर ठेवणे मात्र प्रत्येक गोठ्यात गुरे राखणाऱ्याच्या हाती आहे.