वर्तुळ : वहीतले आणि पृथ्वीवरचे



भूमितीत ज्याला आपण वर्तुळ म्हणतो, तेच भूगोलात ‘वृत्त’ या नावाने येते. पण एक प्रमेय म्हणून आणि दुसरे नकाशावरची रेघ म्हणून पाठ केल्यामुळे स्पर्धा परीक्षेत दोन्हींची भीती वाटते. कला शाखेचे विद्यार्थी तर भूमितीचे प्रश्न सोडूनच देतात. हातचे गुण असे घालवू नयेत, म्हणून हा छोटा पाठ.

१) भूमितीतील वर्तुळ : एकाच प्रतलात, एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ. स्थिर बिंदू हे केंद्र, समान अंतर ही त्रिज्या. वर्तुळावरील दोन बिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. केंद्रातून जाणारी जीवा म्हणजे व्यास. ती सर्वांत मोठी. परीघ व व्यास यांचे गुणोत्तर सर्व वर्तुळांत सारखेच असते, त्याला पाय म्हणतात. आपण २२/७ घेतो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ३९२७/१२५० हे अधिक सूक्ष्म मूल्यही दिले आहे.

२) पृथ्वीवरील वृत्ते : अक्षवृत्ते ही पूर्ण वर्तुळे. विषुववृत्त सर्वांत मोठे, ४०,०७५ कि.मी. ध्रुवांकडे ती लहान होत जातात. करमाळा सुमारे १८°२५′ उत्तर अक्षांशावर आहे. आपल्या अक्षवृत्ताचा परीघ सुमारे ३८,००० कि.मी. भरतो. रेखावृत्ते ही ध्रुवापासून ध्रुवापर्यंतची अर्धवर्तुळे. सर्व सारख्या लांबीची, सुमारे २०,००० कि.मी.

३) वर्तुळ आणि घड्याळ : पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटे. अशोकचक्राच्या २४ आऱ्यांपैकी लगतच्या दोन आऱ्यांतील कोनही १५ अंशच. त्यावरून हे लक्षात ठेवावे. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची; करमाळा ७५°१२′ वर. फरक ७°१८′, म्हणजे सुमारे २९ मिनिटे. म्हणून आपल्याकडे खरी मध्यान्ह घड्याळाच्या बाराला न होता साडेबाराच्या सुमारास होते. ऋतूप्रमाणे पंधराएक मिनिटे मागेपुढे.

४) करून पाहा : दिवाळीनंतरच्या स्वच्छ उन्हात सपाट अंगणात एक काठी सरळ उभी करा. काठीच्या उंचीएवढी त्रिज्या घेऊन तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी जीवा पूर्व-पश्चिम असते. तिचा मध्यबिंदू काठीच्या पायाशी जोडा. केंद्र आणि जीवेचा मध्यबिंदू जोडणारी रेषा जीवेवर लंब असते, हे प्रमेय आठवा. म्हणून ही रेषा उत्तर-दक्षिण. हाच आपल्या अंगणातून जाणाऱ्या रेखावृत्ताचा तुकडा!

मे महिन्याच्या १३ तारखेच्या आसपास हीच काठी मध्यान्ही पाहा. सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस पुन्हा तसेच घडते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दिल्लीला, असा दिवस कधीच येत नाही. मात्र सूर्याकडे थेट पाहू नका, सावलीकडेच पाहा.

या प्रयोगाला महागडी साधने लागत नाहीत, शिकवणीची फीही नाही. एक काठी, एक दोरी आणि एक दिवसाची चिकाटी पुरे. घरातील मोठ्यांनी मुलांबरोबर तो अवश्य करावा. स्वतः करून पाहिलेले प्रमेय परीक्षेच्या खोलीत विसरत नाही.