दिव्यांची पट्टी की सात खाचांची जाळी?

प्रश्न : मी बोईसरला राहतो. अमेरिकी गाडीची हौस आहे. टेस्लाची मॉडेल वाय घ्यावी की जीप कंपास? मित्रांत रोज वाद होतो.
— एक वाचक, बोईसर

उत्तर : वाद दिसण्यावरून असेल, तर तो मिटणार नाही. मॉडेल वायच्या नव्या रूपात पुढे आडवी दिव्यांची पट्टी आहे. काहींना ती देखणी वाटते, मला जरा निर्विकार. जीपची सात खाचांची जाळी मात्र लांबूनही ओळखू येते.

माझी खरी तक्रार आतल्या रचनेबद्दल आहे. टेस्लात गिअर बदलणे आणि एसीच्या झोताची दिशा ठरवणे, दोन्ही १५.४ इंची पडद्यावरून. मनोरजवळ भर पावसात, कंटेनरच्या रांगेत नजर पडद्याकडे न्यावी लागणे मला पटत नाही. कंपासमध्ये एसीला बटणे आहेत, ती चाचपडतही सापडतात. टेस्लाचे काचेचे छत सुंदर खरे, पण मे महिन्यात तारापूर एमआयडीसीत गाडी उन्हात उभी ठेवणार असाल, तर सनशेड घ्याच.

किंमतही पाहा. मॉडेल वाय जुलै २०२५ मध्ये ५९.८९ लाखांपासून (एक्स-शोरूम) आली, तीही आयात होऊन. कंपास आपल्या रांजणगावात बनते आणि बरीच स्वस्त पडते. टेस्ला घ्यायचीच, तर आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये चार्जर बसवायची परवानगी मिळवा. आणि कोणतीही गाडी घेतलीत, तरी चिंचणी-केळव्याच्या खाऱ्या वाऱ्यामुळे तिचा तळ वरचेवर गोड्या पाण्याने धुवा.